आजीचं गायणं छापायचं का? सातपुड्याखालच्या एका वाचनगटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे नंदुरबार जिल्ह्यातल्या एका गावचं प्रकरण आहे. गाव, कॉलेज, माणसं कोणाचंच नाव देत नाहीये कारण ज्यांच्याबद्दल आहे त्यांनीच तसं सांगितलंय. मी तिथं मराठी शिकवतो. मी मूळचा तापीकाठचा, घरात अहिराणी, आणि शाळेत "माले" म्हटलं की गुरुजी हातावर छडी द्यायचे, "मला म्हण मला". ही गोष्ट मी बरीच वर्षं विसरलो होतो, ती परत का आठवली ते पुढे येईलच.

सुरुवात ९ ऑगस्टला झाली. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ ला हा जागतिक आदिवासी दिवस ठरवला आणि आमच्याकडं तो दणक्यात होतो, ढोल, तीरकामठे, रॅली, चौकात भाषणं. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या एका पोरानं विचारलं, सर, आपण जागतिक जागतिक म्हणतो पण जगातले बाकीचे आदिवासी कोण, त्यांनी लिहिलेलं एक पान तरी आपण वाचलंय का? मी पण वाचलेलं नव्हतं. म्हणजे नावं माहीत होती काही, वाचलं नव्हतं. मग दर रविवारी संध्याकाळी हॉस्टेलच्या जेवणाच्या खोलीत बसायचं ठरलं. चौदा पोरं-पोरी, त्यातले नऊ पावरा आदिवासी, तीन भिल, दोघं माझ्यासारखे अहिराणी घरातले. मराठीत फारसं काही मिळालं नाही म्हणून मी इंग्रजीतून वाचायचो, मराठीत सांगायचो आणि मग एक जण पावरीत आणि एक जण भिलीत परत सांगायचा, एका पानाला तास जायचा.

पहिल्यांदा वाचली झित्काला-शा. अमेरिकेतल्या यँक्टन डाकोटा लोकांची बाई, आठव्या वर्षी घरापासून लांब इंडियाना राज्यातल्या मिशनरी बोर्डिंग शाळेत गेली. तिच्या लोकांत केस कापणं म्हणजे एकतर सुतक नाहीतर शत्रूच्या हाती सापडलेला भेकड माणूस, आणि शाळेत तर सगळ्यांचे कापत होते. ही पलंगाखाली लपली, ओढून काढली, खुर्चीला बांधलं आणि कात्री लावली. हे तिनं १९०० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या मासिकात लिहिलं, ज्या इंग्रजीसाठी हे सगळं केलं त्याच इंग्रजीत. मी थांबलो तर एस.वाय.ची एक पोरगी म्हणाली, सर माझे पण कापले होते आश्रमशाळेत पहिल्याच दिवशी, उवा होतील म्हणून, मी सहा वर्षांची होते आणि का कापतात ते मला कळलं नाही कारण बाई मराठीत बोलत होत्या. त्या संध्याकाळी पुढचं पान झालं नाही.

मग केनियाचे न्गुगी वा थिओंगो. त्यांच्या शाळेत गिकुयू भाषेत बोलताना पोरगं सापडलं की छड्या, नाहीतर गळ्यात पाटी, मी गाढव आहे अशी. पुढं ते इंग्रजीतले मोठे कादंबरीकार झाले आणि मग १९७७ ला कामिरीथू गावात शेतकरी-मजुरांना घेऊन गिकुयूत नाटक केलं. सरकारनं नाटक बंद पाडलं आणि वर्षाच्या शेवटी त्यांना उचललं, खटला नाही काही नाही, वर्षभर तुरुंग, आणि तिथं संडासच्या कागदावर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली. इंग्रजीत जितके दिवस सरकारवर टीका केली तितके दिवस बाहेर होते, शेतमजुराला कळेल अशा भाषेत बोलले तेव्हा आत गेले, ह्यावर पोरांची खूप चर्चा झाली. मी माझ्या छडीची गोष्ट सांगितली, अहिराणीची. तेव्हा तीच पोरगी म्हणाली, सर, त्यांच्यावर इंग्रजी होती, तुमच्यावर मराठी होती, आमच्यावर पण मराठीच आहे, आणि ती शिकवता तुम्ही.

ती रागानं नव्हती बोलली. पण हे वाक्य पुढच्या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे, म्हणून इथं लिहून ठेवतो.

मधे एक रविवार आम्ही १८८० चं खान्देश गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, पण वाचलं. इंग्रजांनी १८१८ ला खान्देश घेतला, १८२५ ला आउट्रम ह्या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्लांचीच पलटण उभी केली भिल्लांना आवरायला, १८५७-५८ ला भिल पुढारी खाज्या नाईक उठला, आंबापाणीची लढाई झाली, १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा, १८७८ ला जंगल कायदा. गॅझेटियरमधे भिल्लांवर पानंच्या पानं आहेत, कसे दिसतात, काय खातात, स्वभाव कसा, आणि लिहिणारा एकही भिल नाही. एक पोरगा म्हणे, सर हे आमच्याबद्दल असं लिहिलंय जसं जंगलातल्या झाडांबद्दल लिहितात. त्याच दिवशी ठरलं की पुढच्या ९ ऑगस्टला आपली एक पुस्तिका काढायची.

अडचण

एस.वाय.ची ती पोरगी दिवाळीत धडगावकडं आपल्या पाड्यावर गेली आणि आजीला बोलतं केलं, फोनवर रेकॉर्ड केलं, दोन तासाच्या वर. नेवाड, म्हणजे जंगल साफ करून केलेलं शेत, कसं काढलं, जंगलखात्याचा नाकेदार आला की कोंबडी कशी द्यावी लागायची, एकदा उभं पीक कसं उपटलं, तिचा सासरा कितीदा चालत तळोद्याला गेला. बोलता बोलता आजी गायला लागली, इंदलच्या, म्हणजे नवसाच्या पूजेच्या, रात्री जे गायणं गातात त्यातला तुकडा, दुनिया कशी झाली, डोंगर कोणाला कसे मिळाले तो. म्हणजे तिच्या दृष्टीनं जमीन आमची कशी ह्याचा तो पुरावाच होता, नाकेदाराच्या गोष्टीत तो सहज आला. पोरीनं सगळं देवनागरीत उतरवलं, अकरा पानं झाली, पावरीत.

मी ती पानं हातात घेतली आणि मला वाचता येईनात. अक्षरं येत होती पण कळत नव्हतं. बाकीच्या तेरा जणांचे लेख मराठीत होते, चांगलेच होते, पण हे वेगळं होतं, सगळ्यांना दिसत होतं.

त्यातून तीन भांडणं निघाली. पुस्तिका कोणत्या भाषेत? पावरी शब्दांचे अर्थ द्यायचे का? आणि गायणं छापायचं का? शिवाय छपाईचे पैसे धुळ्याचे एक सद्गृहस्थ देणार होते, त्यांचं म्हणणं की सगळं शुद्ध मराठीत पाहिजे, म्हणजे पुण्यामुंबईला पाठवता येईल, आणि प्रकाशनाला स्टेजवर ते आणि दोन पाहुणे.

पर्याय आणि त्यावरची भांडणं

सगळं मराठीत करायचं, ह्या बाजूनं मी होतो. माझं म्हणणं, जे त्रास देतात त्यांनीच वाचलं पाहिजे, नाकेदार पावरी वाचत नाही. त्यासाठी माझ्याकडं ऑस्ट्रेलियातल्या उडजेरू नूनुक्कल होत्या. १९६४ ला त्यांचा कवितासंग्रह आला, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी लेखकाचा छापलेला तो पहिला, इंग्रजीत होता आणि गोऱ्यांनी वाचला. आदिवासींना जनगणनेत मोजावं ह्यासाठीच्या १९६७ च्या सार्वमतासाठी त्या गावोगाव बोलत फिरल्या आणि ते जिंकलं. त्यांना ब्रिटिशांचा सन्मान मिळाला होता तो गोऱ्यांच्या दोनशे वर्षांच्या उत्सवाच्या निषेधात परत केला, आणि आधीचं कॅथ वॉकर हे नाव सोडून हे आपल्या लोकांतलं नाव घेतलं. साहेबाच्या भाषेत लिहून साहेबाला हलवता येतं. नायजेरियाचे चिनुआ अचेबे पण म्हणायचे की इंग्रजी आपल्याला वाकवून घेता येईल, त्यांचं आणि न्गुगींचं ह्यावर जमलं नाही कधी.

फक्त पावरीत करायचं, ह्या बाजूनं दोनच पोरं होती पण त्यांचा मुद्दा साधा होता. आजीनं नातीला सांगितलं, मधे मराठीचं काय काम? ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. फक्त एवढंच की पावरी वाचायची सवय पावरा पोरांनाच नाही, सगळ्यांची शाळा मराठीत झाली.

तिसरा पर्याय, डाव्या पानावर पावरी आणि उजव्या पानावर मराठी. खर्च जवळपास दुप्पट. चौथा म्हणजे मराठीत लिहायचं, मधे मधे पावरी शब्द ठेवायचे आणि मागे अर्थ द्यायचे, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यांना मान्य होईल असा वाटत होता. पण तोपर्यंत आम्ही न्यूझीलंडच्या पॅट्रिशिया ग्रेस वाचल्या होत्या. त्यांच्या १९८६ च्या कादंबरीत किनाऱ्यावरच्या माओरी वस्तीला बिल्डर उठवायला बघतो आणि वस्ती हलत नाही, धरणात गेलेल्या नर्मदाकाठच्या गावांची नातवंडं आमच्या गटात होती त्यांना ती कादंबरी सांगावी लागली नाही. आणि त्या पुस्तकात माओरी शब्दांचे अर्थ मागे नाहीत, शेवट तर माओरीतच आहे, भाषांतर न देता. त्यांची भूमिका अशी की अर्थाची यादी परक्या भाषेला लागते, आणि माओरी तिच्याच देशात परकी कशी? हे ऐकल्यावर चौथा पर्याय कोणी परत काढला नाही.

गायण्याचं भांडण सगळ्यात अवघड. एका पोराचं म्हणणं, छापाच, आमच्या पाड्याचा गायणं गाणारा पुजारा गेला आणि त्याच्याबरोबर सगळं गेलं. तो म्हणे आपल्या बहिणाबाई बघा, त्यांना लिहिता येत नव्हतं, घरातल्यांनी टिपून ठेवलं म्हणून त्या गेल्यावर १९५२ ला पुस्तक आलं, नाहीतर शेतातच राहिलं असतं सगळं. हा मुद्दा खान्देशातल्या कोणालाही पटेल, मला पटला. दुसऱ्या बाजूला मी वाचलेलं एक भांडण सांगितलं, अमेरिकेतल्या लेस्ली मार्मन सिल्को ह्यांच्या १९७७ च्या कादंबरीचं. लगूना प्युब्लो लोकांच्या कथा त्यांनी त्यात गुंफल्यात, मोठं नाव झालं, विद्यापीठांत लागली. पण पॉला गन ॲलन म्हणून दुसऱ्या लेखिका, त्याच लगूना मुळाच्या, त्यांनी १९९० ला लिहिलं की त्यातली एक कथा कुळाच्या बाहेर सांगायची नसते, वर्गात शिकवताना मी ती टाळते. सगळं लिहून काढणं म्हणजेच प्रतिकार असं आम्ही धरून चाललो होतो, आणि इथं घरातलीच बाई म्हणत होती की काही गोष्टी न लिहिणं हा पण प्रतिकार असू शकतो, कारण साहेबाला पण सगळं लिहूनच पाहिजे होतं ना, गॅझेटियरमधे.

चर्चा दोन रविवार चालली आणि शेवटी मी सर म्हणून वजन टाकलं. छापू या म्हटलं. ती पोरगी गप्प होती, ते गप्प राहणं मी होकार धरलं. ह्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ही आहे आणि ती माझी आहे.

काय केलं

भाषेचं ठरलं, समोरासमोर पानं, डावीकडं पावरी. मराठी भाषांतर पोरीनंच करायचं, मी फक्त तिनं विचारलं तर सांगायचं. तिनं तीन ठिकाणी भाषांतर केलंच नाही, उजवं पान तेवढं कोरं ठेवलं. एक जागा आजीच्या शिवीची होती, दुसरी एका झाडाच्या नावाची, तिसरी कशाची ते मला अजून माहीत नाही. मी विचारलं नाही.

मजकूर शहाद्याला टाइपसेटिंगला गेला, पहिलं प्रूफ आलं. त्यावर आत "संपादक" म्हणून माझं नाव होतं, मीच दिलं होतं. भिल पोरानं विचारलं, सर तुम्ही ह्यातलं काय संपादन केलं? त्याच महिन्यात आम्ही माओरी संशोधक लिंडा तुहिवाई स्मिथ वाचत होतो, १९९९ चं पुस्तक, त्यात सुरुवातीलाच आहे की आमच्या लोकांत संशोधन हा फार घाण शब्द झालाय, कारण बाहेरचा येतो, विचारतो, घेऊन जातो आणि त्याचं नाव होतं. मी नाव काढलं. सोपं नाही गेलं, खोटं कशाला सांगू, प्रमोशनच्या फाईलला ते लागलं असतं.

प्रूफ घेऊन पोरगी होळीला घरी गेली. काठी गावची होळी बघून मग पाड्यावर, आणि आजीला सगळं वाचून दाखवलं, पावरीतून. आजी नाकेदाराच्या गोष्टीला हसली, सासऱ्याच्या गोष्टीला रडली. गायण्याची पानं आली तशी तिनं थांबवलं. तिनं विचारलं, हे आता कोणी पण, कधी पण, दिवसा उजेडी, एकटाच बसून वाचेल का? पोरगी म्हणाली हो. आजी म्हणाली मग काढ. हे इंदलच्या रात्रीचं आहे, सगळे जागे असतात तेव्हाचं, ज्याच्या घरी नवस आहे त्याच्या अंगणातलं. मी तुला सांगत होते, फोनला नाही.

पोरीचा रात्री फोन आला, ती रडत होती, म्हणे सर मला तेव्हाच वाटत होतं पण तुम्ही म्हणाले. सकाळी मी प्रेसला फोन करून काम थांबवलं.

आता चार पानं रिकामी होणार होती. क्रम हलवून भरता आली असती. पण मला नॉर्वे-फिनलंडकडच्या सामी लोकांचे कवी नील्स-अस्लाक वाल्केआपा आठवले. त्यांच्या एका कवितांच्या पुस्तकाला १९९१ ला नॉर्डिक देशांचा मोठा साहित्य पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकात कवितांबरोबर सामी लोकांचे जुने फोटो आहेत, देशोदेशीच्या संग्रहालयांत अडकलेले शोधून आणलेले, आणि ते फोटो त्यांनी फक्त सामी आवृत्तीत ठेवले, भाषांतरात दिलेच नाहीत. म्हणजे आमच्या माणसांचे चेहरे आमच्याकडं परत आले, तुमच्याकडं फक्त शब्द. हे सांगितल्यावर पोरांनी ठरवलं की पानं कोरीच ठेवायची. वर पावरीत एक ओळ, की इथलं गायचं असतं. तिचं मराठी दिलं नाही.

धुळ्याच्या देणगीदारांना कोरी पानं पटली नाहीत, पैसे देऊन कोरा कागद कशाला छापायचा म्हणे, त्यांच्या बाजूनं ते चूक नव्हते. पण स्टेजवरून जास्त झालं. आमच्याच शहादा भागातले भिल कवी वाहरू सोनवणे ह्यांची स्टेज नावाची कविता पोरांना पाठ होती, आदिवासींचं दुःख दुसरेच लोक स्टेजवर चढून सांगतात आणि ज्यांचं आहे ते खाली बसून ऐकतात, ती. ती कविता माहीत असून आपण स्टेज घालायचं? पोरांनी सतरंजीवर गोल बसायचं ठरवलं, पाहुण्यांनी पण. देणगीदारांनी निम्मे पैसे दिले आणि आले नाहीत. उरलेले आम्ही शिक्षकांनी आणि पोरांनी जमवले, पाचशेच्या जागी दोनशे प्रती काढल्या.

काय झालं

९ ऑगस्टला आजी आली, जीपनं, पहिल्यांदाच कॉलेजमधे. मी म्हटलं, माय, खुर्ची देऊ का? नातीनं सांगितल्यावर तिनं मान हलवली आणि सतरंजीवर नातीच्या शेजारी बसली. पोरीनं डावी पानं वाचली. उजवी कोणी वाचली नाहीत, ठरवून नाही, राहूनच गेली, आणि मराठी बोलणारे आम्ही सात-आठ जण तेवढा वेळ न कळता बसलो होतो. ती पोरगी सहाव्या वर्षी आश्रमशाळेत कशी बसली असेल ते मला त्या दिवशी थोडं कळलं.

वाचताना एक गोष्ट लक्षात आली जी आम्ही आधी धरलीच नव्हती. पावरा पोरं पावरी बोलतात फाडफाड पण कागदावरची वाचायला अडखळत होती. शेजारच्या पाड्याचा पोरगा म्हणे हा शब्द असा नाहीच, आमच्याकडं वेगळा म्हणतात. त्यावरून वादावादी झाली आणि ती मला फार आवडली, कारण पावरी शब्द कसा लिहायचा ह्यावर पावरा पोरं भांडतायत आणि मराठीचा प्राध्यापक गप्प बसलाय, असं आमच्या कॉलेजात आधी झालं नव्हतं.

दुसरं झालं ते कोणाच्या मनात नव्हतं. पाड्याच्या वनहक्क समितीच्या माणसांनी पुस्तिका ऐकली, वाचून घेतली, आणि नेवाडाचा भाग वेगळा लिहून मागितला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे त्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्या माणसांचं लेखी निवेदन पण चालतं. कोण कोणत्या उतारावर कधीपासून पेरतं हे आजीला शेजाऱ्यांचं सगळं तोंडपाठ. ते मात्र मराठीत लागतं, तर ते आम्ही दोघांनी बसून केलं, आजीचा अंगठा घेतला. भाषेबद्दल इतकं भांडून शेवटी मराठीची गरज पडलीच, आणि ह्या कामाला मराठी देताना मला बरं वाटलं. त्या दाव्यांचा निकाल अजून आलेला नाही.

एक जखम राहिली. गायण्याचं रेकॉर्डिंग तोपर्यंत सहा फोनमधे गेलं होतं, टाइप करायला मदत म्हणून वाटलेलं. सगळ्यांना डिलीट करायला सांगितलं, सगळ्यांनी केलं म्हणतात, पण एकानं त्याच्या आधीच व्हॉट्सॲप स्टेटसला तीस सेकंद लावलं होतं. किती जणांनी उतरवून घेतलं कोण सांगणार. पोरीनं हे आजीला सांगितलं. मी म्हणत होतो नको सांगू, ती म्हणाली तुमचं एकदा ऐकलं सर.

परत केलं तर

रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी विचारणं हे तर झालंच, पण एकदा विचारून भागत नाही हे आम्हाला आधी माहीत पाहिजे होतं. बोलताना हो म्हणणारं माणूस कागद ऐकल्यावर नाही म्हणू शकतं, आणि दोन्ही खरं असतं. आता आम्ही तीनदा विचारतो, बोलायच्या आधी, लिहून झाल्यावर त्यांच्याच भाषेत वाचून दाखवून, आणि छापायला जायच्या आदल्या आठवड्यात. ह्यात वेळ जातो, होळी-दिवाळीलाच पोरं घरी जातात म्हणून पुस्तिका वर्षाला एकच होते, होऊ दे.

गटात ठरवताना मी आता शेवटी बोलतो, आणि गप्प बसलेल्याला होकारात धरत नाही. पोरं सरांना नाही म्हणत नाहीत, त्यातून आदिवासी पोरं बिगर-आदिवासी सरांना तर नाहीच, हे वीस वर्षं शिकवून मला माहीत होतं आणि तरी मी वजन टाकलं.

पैसे आधी घ्यायचे नाहीत. घेतले की देणाऱ्याची भाषा पण येते, मग ती कितीही शुद्ध असो.

बहिणाबाईंचं उदाहरण देणाऱ्या पोराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्याच्या पाड्याचा पुजारा गेला आणि काहीच राहिलं नाही, हे खरंच आहे, आणि कोरी पानं त्याला काही देत नाहीत. तो अजून म्हणतो की छापायला पाहिजे होतं. मागच्या इंदलला तो पोरीच्या पाड्यावर गेला होता, रात्रभर बसला, फोन घरी ठेवून. सकाळी त्याला पहिल्या भागातल्या थोड्या ओळी येत होत्या. आजीनं त्याला पुढच्या वर्षी परत यायला सांगितलंय.